टोकियो : एका रविवारात देवळं आणि आकिहाबारा जमेल का?

प्रश्न (चिऊची आई): मला जुनी शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवळं बघायची आहेत, लेकीला फक्त आकिहाबारा भागातली अॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनची, दुकानं. हातात एकच रविवार. भांडण न होता दोन्ही जमेल?

भटक्या: आरामात! कांदा म्योजिन हे देऊळ आकिहाबारा स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटांवर आहे. स्थापना ७३० सालची, सध्याच्या जागी १६१६ पासून. दुकानं उशिरा उघडतात, म्हणून सकाळी आधी तिथेच जा. आकिहाबाराच्या बाजूने उभ्या चढणीच्या पायऱ्या आहेत, गुडघ्यांना विचारून ठरवा. तिथे चक्क कॉम्प्युटर बिघडू नये म्हणून ताईत मिळतो. मी हसत हसत घेतला, अजून लॅपटॉपच्या बॅगेत आहे. नवसाच्या लाकडी पाट्यांवर, म्हणजे एमांवर, लोकांनी काढलेली अॅनिमेतली पात्रं बघून लेक स्वतःच रेंगाळेल. मी तिथे पाऊण तास घालवला, देवदर्शन पाच मिनिटांत उरकलं होतं.

चिऊची आई: दर्शनाची काही पद्धत?

भटक्या: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. पाच येनचं नाणं टाका. 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि ऋणानुबंधसुद्धा.

मावळी: रविवारी दुपारी पाऊस नसेल तर आकिहाबाराचा मुख्य रस्ता चुओ-दोरी गाड्यांना बंद असतो, मधोमध चाला. गाचापोनसाठी, म्हणजे नाणी टाकून खेळणं मिळणाऱ्या यंत्रांसाठी, शंभर येनची नाणी जवळ ठेवा आणि किती वेळा खेळायचं तो आकडा लेकीला आधीच सांगा. माझं 'एकच शेवटचं' सहा वेळा झालं.

चिऊची आई: लेक नाही, मीच घसरणार असं दिसतंय.