नर्मदा परिक्रमा (पायी): सोबत्याचा वेग जुळत नाहीये, काय करावं?

सध्या दक्षिण तटावर आहे. शूलपाणीची झाडी (डोंगराळ जंगलाचा टप्पा) संपवून गोरा गावाच्या पुढे एका आश्रमात आसन लावलंय. रेंज आहे, फोनही चार्ज होतोय, म्हणून लिहून घेतो. झाडीत लुटतात का वगैरे विचारायचं नाहीये. (आम्हाला कुणी लुटलं नाही. उलट धडगावच्या अलीकडे चहा न घेता पुढे सटकत होतो, तर एका आजींनी हाका मारून परत बोलावलं.)

मी एकटाच निघालो होतो. ओंकारेश्वरला संकल्पाच्या वेळी शेजारच्या पाटावर एक काका बसले होते. वय ६७, विदर्भातले, निवृत्त मास्तर. मोरटक्क्याला चहा एकत्र झाला आणि मग एकत्रच चालत राहिलो. ठरवलं असं काहीच नव्हतं. आज एकविसावा दिवस.

माणूस सोन्यासारखा आहे. राजघाटला माझे दोन्ही तळवे फोडांनी भरले तेव्हा यांनीच सुई तापवली, फोडातून दोरा ओवला आणि पाणी झिरपून जावं म्हणून दोरा आतच ठेवला. दुसऱ्या दिवशी मी चाललो. शिवाय माझ्या पुस्तकी हिंदीपेक्षा त्यांची वऱ्हाडी हिंदी निमाडात जास्त खपते.

आता अडचण. राजघाटपर्यंत आम्ही रोज २४-२५ किलोमीटर उरकत होतो. झाडीतल्या चढउतारांनी काकांचा उजवा गुडघा सुजला आणि गेले पाच दिवस १२ च्या वर गाडी जात नाही. ते कबूल करत नाहीत. परवा रात्री जाग आली तर अंधारात बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी कूस बदलताच झटकन पांघरुणात शिरले. सकाळी विचारलं तर म्हणे थंडीनं आखडलाय.

माझी बिनपगारी रजा चार महिन्यांची. नदीचीच लांबी १३१२ किलोमीटर; दोन्ही तट आणि आतबाहेरचे वळसे धरले की २६०० च्या पुढे जातं. रोज १२ च्या हिशेबानं सात महिने, म्हणजे आषाढच उजाडेल.

बरं, हे तोंडावर सांगायचं कसं? आश्रमाच्या दारात "कितनी मूर्ती?" असं विचारतात (परिक्रमावासी मोजताना मूर्तीच म्हणतात). मी तोंड उघडायच्या आत काका "दो मूर्ती" म्हणून मोकळे. सदाव्रत (कोरडा शिधा) मिळालं की पीठ-डाळ दोघांची एकत्र. मुक्कामाचे शिक्के मारून घेणं माझ्याकडे, म्हणून दोघांची परिक्रमेची प्रमाणपत्रं आणि वह्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या सॅकमध्ये. संसारच थाटलाय म्हणा ना.

तर ज्यांनी पायी केली आहे त्यांनी अशा वेळी काय केलं? सांगून पुढे गेलात की थांबलात? आजारी माणसाला आश्रमात एका रात्रीपेक्षा जास्त राहू देतात का? विमलेश्वरच्या बोटीचं (नदी समुद्राला मिळते तिथून उत्तर तटावर नेते ती) एकट्या वयस्कर माणसाला जमतं का? "मैया बघेल" हे उत्तर रोज चारदा मिळतंय, तेवढं सोडून सांगा.

प्रतिसाद १
मैयाच बघेल हो, चिडू नका. आम्ही निघताना पाच जण होतो, अमरकंटकला दोघे उरलो, शेवटी ओंकारेश्वरला परत पाचही. तिथे कोण कुणाला सोडतंय! नदी उजव्या हाताला ठेवून सगळे एकाच दिशेनं चालणार, ओलांडायची तर सोयच नाही. पुढचा कुठेतरी थांबतो आणि मागचा गाठतो. एका रात्रीचा संकेत आहे खरा, पण सुजलेला गुडघा बघून कुणी उठवत नाही. फक्त सेवेकऱ्यांना तुम्ही सांगा, काका सांगणार नाहीत. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे विमलेश्वरला तसंही बसून राहावं लागतं आणि तिथे सोबतीला तोटा नसतो. पलीकडे मिठी तलाईच्या बाजूला उतरताना चिखल लागू शकतो, तिथे मात्र गुडघा धड हवा.

प्रतिसाद २
पुढे जा. दोन दिवस वाईट वाटेल. आणि काकांना दंड (हातातली काठी) डाव्या हातात धरायला सांगा. उजवा गुडघा दुखतो म्हणून लोक उजव्याच हातात धरतात, ते चूक.

प्रतिसाद ३
एवढं सविस्तर लिहिलंत, काकांना विचारलंत का? तुमचा वेग त्यांना झेपत नसेल असंही असू शकतं.

धागाकर्ता (दोन दिवसांनी)
प्रतिसाद ३, तुमचं खरं निघालं. त्याच रात्री विचारलं. काका आधी हसले, मग म्हणाले, "तुया त्या पंचवीसनंच माहा गुडघा खाल्ला बाबू. झाडीत तुले एकटं कसं सोडाव, म्हून धावत होतो." म्हणजे एकवीस दिवस मी त्यांना सांभाळतोय असं मला वाटत होतं आणि त्यांना उलटं!

सेवेकऱ्यांशी बोललो, काका बरं वाटेपर्यंत तिथेच राहतील. दंड डाव्या हातात घ्यायला सांगितला, "मास्तर मी का तू?" हे ऐकून घेतलं. सकाळी निघालो. आज तब्बल २८ किलोमीटर झाले. दारात "कितनी मूर्ती?" विचारलं तेव्हा सवयीनं गप्पच राहिलो, त्यांना परत विचारावं लागलं.

आता नवीन घोळ. शिक्क्यासाठी सॅक उघडली तर काकांचं प्रमाणपत्र आणि वही माझ्याकडेच! उलट्या दिशेनं कुणी जात नाही, त्यामुळे कुणाच्या हाती परत पाठवताही येत नाही. इथल्या सेवेकऱ्यांकडे ठेवून पुढे जावं की मीच थांबावं? काका याच आश्रमात येतील कशावरून? बोटीच्या वेळी मूळ कागदच दाखवावा लागतो का? कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा, काकांचा फोन बंद लागतोय.