फिकी बिले आणि प्रश्नचिन्हे

मालवणच्या खानावळीतील थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरवर ‘सोलकढी’च्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि पावसाळ्यात बिले फिकी येतात, या दोन तक्रारींची कारणे वेगळी असल्यामुळे, काहींनी सुचवल्याप्रमाणे थेट नवा प्रिंटर घेण्याआधी त्या स्वतंत्रपणे तपासाव्यात.

प्रश्नचिन्हांसाठी यंत्र बिघडलेले असण्याची गरज नाही. स्वस्त प्रिंटरमध्ये बहुधा देवनागरी अक्षरसंच नसतोच, म्हणून बिलिंग अ‍ॅपमध्ये मजकूर चित्ररूपाने छापण्याचा पर्याय निवडावा. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या), ५८ मिमी रुंद कागदाच्या प्रिंटरवर ओळीची रुंदी सहसा ३८४ ठिपके आणि ८० मिमीवर ५७६ ठिपके असते. चित्र त्याहून रुंद झाले, तर नेमकी उजवीकडची रक्कम कापली जाते. छपाई किंचित संथ होते, पण जेवून तृप्त झालेले गिऱ्हाईक तेवढे थांबते.

फिकेपणाचे मूळ मात्र मला कागदात दिसते. येथे शाई नसते. कागदाच्या एकाच बाजूचा लेप उष्णतेने काळा होतो, त्यामुळे नखाने ओरखडा काढल्यावर जी बाजू काळी पडते तीच हेडकडे, म्हणजे उष्णता देऊन छापणाऱ्या भागाकडे, असावी. दमट हवा, ऊन आणि तळणाचे तेल यांनी हा लेप खराब होतो, म्हणून जादा रोल चुलीपासून दूर, हवाबंद डब्यात ठेवावेत. त्यानंतरही छपाई फिकी राहिल्यास, यंत्र बंद करून थंड झालेले हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि मगच डेन्सिटी (छपाईचा गडदपणा) वाढवावी. हिशेबाची प्रत संगणकातच जपावी.