डेनॉन डीएल-103 साठी फोनो प्रीअँप: तयार एमसी, की एमएम + ट्रान्सफॉर्मर?

सुईवाला33
टेक्निक्स एसएल-1200 टर्नटेबलवर डीएल-103 ही एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, लावायची आहे. इंटिग्रेटेड अँपमध्ये चांगला एमएम फोनो (मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे जोरदार सिग्नलच्या कार्ट्रिजसाठीचा इनपुट) आहे, क्षीण सिग्नलच्या एमसीसाठीचा नाही. रेगा फोनो एमसी घ्यावा, आयफाय झेन फोनो घ्यावा, की आहे त्या एमएमला स्टेप-अप (सिग्नल वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर जोडावा? ऐकणं मुख्यतः एचएमव्हीच्या जुन्या एलपी, शास्त्रीय आणि नाट्यगीतं. करंट-इनपुट (व्होल्टेजऐवजी कार्ट्रिजचा करंट वाढवणाऱ्या) प्रीअँपचंही नाव कानावर येतं.

कोमल_गंधार
ब्रँडचं नंतर, आधी आकडे. डीएल-103 देते 0.3 मिलिव्होल्ट, कॉइल 40 ओहमची. 60 डीबी गेनला (सिग्नल हजारपट वाढवला की) 300 मिलिव्होल्ट मिळतात, बहुतेक अँपना तेवढे पुरतात. झेन फोनोत 36, 48, 60 आणि 72 डीबी आहेत. 72 वर ठेवलंत तर 1.2 व्होल्ट होतात आणि तारसप्तकातली जोरकस तान फाटायची भीती. 60 वर ठेवा.

लोडचं, म्हणजे कार्ट्रिजला प्रीअँपचा जो रोध दिसतो त्याचं गणित: 100 ओहमवर कॉइलशी वाटणी होऊन सुमारे 2.9 डीबी आवाज जातो, 400 वर जेमतेम 0.8. रेगात मागच्या स्विचांनी 70, 100, 150, 400 निवडता येतात. 400 पासून सुरू करा. वरचे स्वर टोचायला लागले तरच 100 वर या.

करंट-इनपुट या कार्ट्रिजसाठी नको. तिथे गेन कॉइलच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो. याच 0.3 मिलिव्होल्टची 5 ओहमची कार्ट्रिज आठपट करंट देईल, म्हणजे 18 डीबी जास्त. 40 ओहमला तिथे फुसफुसच जास्त ऐकू येईल.

लोखंडी_गाभा
माझं मत ट्रान्सफॉर्मरला, कारण एमएम चांगला आहे म्हणता. 1:10 गुणोत्तराचा घ्या. 20 डीबी मिळतात आणि एमएम इनपुटचे 47 किलोओहम कार्ट्रिजला 470 ओहम दिसतात (गुणोत्तराच्या वर्गाने भागायचं). 1:20 वर लोड 117 वर येतो. आवाज मोठा, पण मोकळेपणा कमी. जाहिरातीतलं मोठं गुणोत्तर बघून भुलू नका.

ट्रान्सफॉर्मर ते अँप ही केबल आखूड ठेवा, अर्धा मीटर बास. तिची कपॅसिटन्सही कार्ट्रिजच्या बाजूने वर्गाच्याच पटीत दिसते, 100 पीएफची 10,000 होते. आणि मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर कार्ट्रिज किंवा ट्रान्सफॉर्मर तपासायला जाऊ नका, मीटरच्या डीसी करंटने गाभा चुंबकित होऊ शकतो.

सुईवाला33
हमचं (स्पीकरमधल्या गुणगुणीचं) काय? आमच्याकडे अर्थिंग यथातथाच.

लोखंडी_गाभा
सुई उचललेली, व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीवर, आणि कान द्या. खर्जातली सलग गुणगुण म्हणजे 50 हर्ट्झ: एकतर ग्राउंड वायर सुटली आहे किंवा ट्रान्सफॉर्मर अँपच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ आहे. डबा हातात धरून फिरवा, एका कोनात गुणगुण पार बसते, तिथेच ठेवा. कर्कश ‘झर्रर्र’ असेल तर 100 हर्ट्झ आणि त्याच्या पटी, तेव्हा पॉवर सप्लाय किंवा ग्राउंड लूप शोधा. टर्नटेबलची ग्राउंड वायर ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला, तिथून एक तार अँपला. प्लगची अर्थ पिन मात्र काढू नका, जिवाशी खेळ आहे.

कोमल_गंधार
जुन्या एलपी वाकलेल्या असतात, म्हणून सबसॉनिक (ऐकू न येणारी अतिखर्ज कंपनं गाळणारा) फिल्टर हवाच. झेन फोनोत तो बटणावर आहे. ट्रान्सफॉर्मर घेणार असाल तर तुमच्या अँपमध्ये आहे का बघा. नसेल तर वूफरचा कोन संथपणे आतबाहेर हलताना दिसेल. आणि घरात 78 च्या तबकड्या असतील तर त्यांना 1954 नंतरचा आरआयएए कर्व्ह (फोनो प्रीअँप खर्ज-तार समतोल ज्या ठरलेल्या प्रमाणाने साधतो ते) जुळत नाही, सुईही 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी लागते. ते काम या तिघांपैकी कुणाचंच नाही.