मदत हवी आहे: बंधारा झाला, चर झाले, तरी विहीर फेब्रुवारीतच तळाला

नाचणा_भाकरी
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या वाडीत तीन वर्षांपूर्वी बंधारा बांधला, वर डोंगराला चर मारले, पोरांनी दोन उन्हाळे श्रमदान केलं, फोटो काढले, सगळं झालं. तरी प्यायच्या पाण्याची विहीर फेब्रुवारी संपायच्या आत तळ दाखवते आणि आता एप्रिलात बायका पहाटे चारला उठून झऱ्यावर नंबर लावतात. रविवारी ग्रामसभा आहे, आणखी एक बंधारा घ्यायचा का बोअर मारायचं यावर ठराव व्हायचाय. मला एवढंच सांगा, दुसरा बंधारा घेतला तर विहिरीला पाणी टिकेल का. हो का नाही.

तांबडा_पांढरा
तालुका कुठला, पाऊस किती, काहीच लिहिलं नाहीस भावा, आम्ही काय पंचांग घेऊन बसलोय? बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेत घातले होते का ते सांग आधी. आमच्याकडं ऑक्टोबरात घालायचे तर डिसेंबर उजाडतो, त्यात दोन बर्ग्यांच्या मधी माती नीट भरत नाहीत, मग पाणी चाळणीतनं गेल्यागत जातंय.

नाचणा_भाकरी
बर्गे नाहीत हो. तो नदीवरचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, आमचा ओढ्यावरचा साधा सिमेंट नाला बांध आहे. तालुका आजरा. पाऊस दणकून, जुलैत ओढा ओलांडता येत नाही.

हिरवा_माथा
चर कसे मारले? जेसीबीनं मारले असतील तर सोडून द्या. माझं आजोळ खटाव तालुक्यात, तिथं आम्ही ए फ्रेम घेऊन एकेक रेघ आखलेली. दोन सारख्या काठ्या, मधे आडवी पट्टी, वरनं दोरीला दगड. आधी दोन्ही पाय ठेवून पट्टीवर दोरीची खूण करायची, मग पाय आलटून पालटून परत खूण, दोन्हीच्या बरोबर मधे जी येते ती समपातळी. एवढं केलं नाही तर चराला उतार राहतो, पाणी एका टोकाला पळतं, तिथनं चर फुटतो आणि खालची माती घेऊन जातो. माथा ते पायथा हाच नियम, आधी चर, मग दगडी बांध, शेवटी बंधारा. लोकांना आधी बंधारा पायजे कारण त्याचं उद्घाटन करता येतं.

ओढ्याकाठ
नियम बरोबर आहे पण तो खटावला. आजऱ्यात एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस सहज पडतो. एक हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर, म्हणजे त्या एका रात्रीचे १० लाख लिटर झाले. आता हेक्टरी ५०० मीटर चर धरा, ६० सेंटीमीटर रुंद, ३० खोल, त्यात मावतं ९० हजार लिटर. ९ मिलिमीटर पाऊस झाला की चर भरून वाहायला लागला, बाकीचं गेलं ओढ्यात. तीव्र उताराला असल्या पावसात चरात पाणी कोंडलं तर डोंगराची कड खाली बसायची पण भीती. दुष्काळी भागातलं जसंच्या तसं उचलून इकडं लावायचं नसतं.

हिरवा_माथा
म्हणजे आमच्या लोकांनी घाम गाळला तो वेडेपणा होता का?

ओढ्याकाठ
तसं कुठं म्हटलंय. तुमच्या आजोळी तो शहाणपणाच.

दत्तवाड_फाटा
तुम्ही पाणी नाही म्हणून रडताय, इकडं शिरोळला या बघायला. ऊसाला पाणी पाजून पाजून जमिनीवर पांढरा खार आलाय, पाय ठेवला की चरचर वाजतंय. आम्ही आता जमिनीखाली भोकाची पाईप टाकून पाणी बाहेर काढतोय. मोठा खर्च आहे आणि एकट्यानं करून भागत नाही, शेजाऱ्यानं पण टाकायला लागते. कुणाला माहिती पायजे असेल तर विचारा.

तांबडा_पांढरा
काका, त्याच्या प्रश्नाचं काय?

दत्तवाड_फाटा
तेच सांगतोय, पाणी आल्यावर पुढं काय होतं ते.

चौथा_मजला
आमच्या कोल्हापुरातल्या सोसायटीत टेरेसचं पाणी फिल्टर लावून बोअरमध्ये सोडलंय, तुम्ही पण छतावरचं पाणी का नाही साठवत?

बारा_एचपी
एवढी चर्चा कशाला, चांगला पाणाड्या आणा, नारळ हातात उभा राहिला की तिथं तीनशे फूट मारा. आमच्या बोअरला दोन वर्षं झाली, अजून चालू आहे.

ओढ्याकाठ
दोन वर्षंच झालीत. शेजाऱ्यानं चारशे फूट मारलं की परत नारळ घेऊन फिरायला लागेल. आता @नाचणा_भाकरी, तीन गोष्टी सांगा, बाकी फाफटपसारा सोडा. विहीर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला का खालच्या? डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं सपाट पठार, आहे का? आणि बंधाऱ्यातलं पाणी कोण उपसतं?

नाचणा_भाकरी
विहीर वरच्या अंगाला. बंधाऱ्यापासून चांगली लांब, वीस-पंचवीस फूट उंचावर असेल. सडा आहे, गुरं तिकडंच चरतात. बंधाऱ्यावर सहा मोटारी आहेत, त्यातल्या दोन मोटारींवर गेल्या साली ऊस लागला. पण त्याचा विहिरीशी काय संबंध?

तांबडा_पांढरा
अरे देवा. वीस फूट खालचं पाणी डोंगर चढून विहिरीत येणार होतं व्हय? 😄

ओढ्याकाठ
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर खटाव-शिरोळ फिरून यायला लागलं नसतं. दुसरा बंधारा पण खालीच घेणार असाल तर उत्तर नाही. तो बंधारा उसाच्या कामाचा, तुमच्या घागरीच्या नाही. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी भसाभस आत घेतो, खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर येतं. तुमची विहीर बहुतेक त्याच पाण्यावर आहे. म्हणून राखायचा तो सडा आणि त्याच्या कडेची झाडी. बॉक्साईटसाठी सडा खरवडला तर मग काहीच उरत नाही. आता एक काम करा, उद्या झऱ्याखाली १० लिटरची बादली धरा आणि मोबाईलमध्ये सेकंद मोजा.

हिरवा_माथा
आणि सहा मोटारींचं काय, ते सोडून द्यायचं? पुरंदरला नायगावात विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत काढली, तिथं पाणी जमिनीवर नाही, माणशी अर्ध्या एकराला, भूमिहीनाला पण वाटा, आणि उसाला बंदी. ग्रामसभेत हा ठराव घ्या.

तांबडा_पांढरा
कोल्हापूर जिल्ह्यात ग्रामसभेत ऊसबंदी? जाताना हेल्मेट घालून जा म्हणावं. कारखाना, सोसायटी, पतपेढी सगळं उसावर चाललंय इथं. त्यापेक्षा ड्रिप सक्तीचं करा म्हणा, ते तरी कोण ऐकून घेईल.

हिरवा_माथा
हिवरे बाजारला केलं की ऊस बंद, शेतीसाठी बोअर बंद. मनात असलं की होतं.

तांबडा_पांढरा
तिथं पाऊस किती आणि इथं किती. इथं जुलैत पाऊस बघितल्यावर पाण्याचं बजेट मांडा म्हटलं तर लोक हसतात.

नाचणा_भाकरी
मोजलं. तीनदा धरली बादली, एकदा ३८, एकदा ४१, एकदा ४०. बायका म्हणाल्या, आता ह्याला काय झालं, पाणी भरायचं सोडून घड्याळ बघतोय.

ओढ्याकाठ
४० सेकंद धरू. मिनिटाला १५ लिटर, तासाला ९००, दिवसाला २१ हजार ६०० लिटर. घरं किती?

नाचणा_भाकरी
पंचेचाळीस. माणसं सव्वादोनशेच्या आत.

ओढ्याकाठ
माणशी ५५ लिटर धरलं तरी १२ हजार ३७५ लागतात. रात्री दहा ते पहाटे चार, सहा तासांचे ५ हजार ४०० लिटर तुम्ही ओढ्यात सोडताय आणि चारला उठून नंबर लावताय. झऱ्याला दगडी कुंडी करून झाका, गुरं आत जाणार नाहीत असं कुंपण घाला, आणि खाली दहा हजार लिटरची टाकी बांधा. रात्रभर भरू दे.

बारा_एचपी
मे मध्ये झरा निम्मा झाला तर?

ओढ्याकाठ
तर १० हजार ८००. थोडं कमी पडेल, तेवढ्याला विहिरीतलं गढूळ पाणी गुरांना आणि धुण्याला. दर पंधरवड्याला मोजून भिंतीवर लिहा.

नाचणा_भाकरी
हे बरं वाटतंय, बोअरपेक्षा स्वस्तात पडेल. पण झरा आमच्या चुलत्याच्या जमिनीत आहे आणि त्यांच्या दोन मोटारी खाली बंधाऱ्यावर आहेत, ऊस त्यांचाच. शेताच्या बांधाच्या भांडणात आमचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या जागेत टाकी बांधायची तर संमतीपत्र लागेल ना? ते मागायला कोण जाणार?

तांबडा_पांढरा
काकूंना पाठवा. चारला नंबर लावायला त्या पण येत असतील की.

नाचणा_भाकरी
येतात. आईच्या मागंच उभ्या असतात रोज.