मदत हवी आहे: मॉरिशसच्या पोर्ट लुईत एक दिवस, सोबत गुडघे दुखणारी आई आणि डोडोवेडा मुलगा

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या सुट्टीला धरून मॉरिशसला चाललोय. मी, नवरा, आई आणि आठ वर्षांचा मुलगा. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकला. बीच, बोट, सात रंगांची माती हे सगळं एजंटने पॅकेजमध्ये कोंबलंय, त्याबद्दल काही विचारायचं नाहीये. प्रश्न राजधानीचा आहे. पोर्ट लुईला दिलेत फक्त दोन तास आणि तेही "वॉटरफ्रंटवर शॉपिंग". शॉपिंग काय ठाण्यातही होतं हो. म्हणून ते रद्द करून एक अख्खा दिवस आपला आपण फिरायचं ठरवतोय.

आईला आप्रवासी घाट (मजुरांना जिथे बोटीतून उतरवायचे ती जागा) बघायचाच आहे, कारण उसाच्या मळ्यांवर जे गिरमिटिये (करारावरचे मजूर) नेले त्यातले काही मुंबई बंदरातून गेलेले, कोकणातलेही होते, हे तिने वाचलंय आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मुलाला डोडो या नामशेष पक्ष्याचा सांगाडा बघायचाय. नवऱ्याला त्या १८४७ च्या जगप्रसिद्ध तिकिटांचं (पोस्टाच्या!) म्युझियम. मला विचाराल तर कुठेतरी सावलीत बसून काहीतरी चांगलं खायचंय.

आता अडचणी: आईला सलग पंधरा मिनिटांच्या वर चालवत नाही, पायऱ्या तर नकोच, तर वरचा तो किल्ला तिला जमेल का? दिवस शनिवार घ्यावा की मधला वार? गाडी करावी की ती नवीन मेट्रो? आई शुद्ध शाकाहारी आहे, तिचं काय? आणि तिथल्या मराठी लोकांचा गणपती बघायला मिळेल का, की उगाच कुणाच्या घरात घुसल्यासारखं होईल? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा, "गूगल करा" नको, ते करून झालंय.

प्रतिसाद:
मधला वार घ्या, डोळे झाकून. रविवारी पोर्ट लुई ओस असतं, घाटही बंद आणि तिकिटांचं ब्लू पेनी म्युझियमही बंद. शनिवारी घाट लवकर बंद होतो आणि घोड्यांच्या रेसचा सीझन असेल तर शाँ द मार्सच्या बाजूला ट्रॅफिकची वाट लागते. तो रेसकोर्स १८१२ चा आहे बरं का, दक्षिण गोलार्धातला सगळ्यात जुना समजतात, आणि १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्याचा झेंडा तिथेच चढला.
सकाळी आधी घाट करा, ऊन चढायच्या आत. एन्ट्री फ्री आहे. जागा तशी छोटी आहे, त्यामुळे नुसतं चक्कर मारून आलात तर "एवढंच?" असं होईल, म्हणून आधी माहिती केंद्रात जा, तिथे बसायलाही मिळतं आणि आईंना सगळी गोष्ट नीट कळेल. १८३४ ते १९२० मध्ये जवळपास पाच लाख माणसं आली, १८४९ पासून ती इथे उतरवायचे. २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जवळच जुन्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये गुलामगिरीचं म्युझियम २०२३ ला उघडलंय, ते सोडू नका. १८३५ ला गुलामी बंद झाली म्हणून मळेवाल्यांना मजूर हवे होते, हे दोन्ही लागोपाठ बघितलं की आपोआप जोडलं जातं.
किल्ला (फोर्ट अ‍ॅडलेड, तिथे सितादेल म्हणतात) टॅक्सीने थेट वरपर्यंत जाता येतं. आईंना वरून बंदर आणि अख्खं शहर दिसेल.

प्रतिसाद:
तिकिटांच्या म्युझियमबद्दल एक गोष्ट. खरी तिकिटं उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून तासातून थोडाच वेळ दिवा लावतात, बाकी वेळ नकला बघायच्या. दारातच विचारा पुढचा दिवा कधी, नाहीतर नवरोबा तोंड पाडून बाहेर येतील. डोडो नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये, पण ते उघडं आहे ना ते हॉटेलमधून फोन करून विचारून घ्या, मुलाला आधी प्रॉमिस करू नका. शेजारीच कंपनी गार्डन आहे, मोठाले वड आणि बाकडी. तुमची सावली तिथे.
मेट्रो छान आहे (आपल्या एल अँड टीने बांधलीय) पण फ्लिक-आँ-फ्लाकला येत नाही. आई सोबत आहे तर दिवसभराची गाडीच करा.

प्रतिसाद:
खाण्याची काळजी सोडा. सेंट्रल मार्केटपाशी ढोल पुरी घ्या, पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी आणि मिरचीची चटणी. मिरची वेगळी मागा, जहाल असते. वरून थंडगार आलूदा: दूध, सब्जा, जेली. जेली कशाची ते आईंसाठी विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी अगर-अगरच (समुद्री शेवाळाची, शाकाहारी) असते.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! गाडी ठरली, मधला वार ठरला. गणपतीचं कुणीच बोललं नाही पण?

प्रतिसाद:
मी बोलतो. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, तेव्हा पोर्ट लुई त्या दिवशी ठेवू नका. आणि तारीख तिथल्या कॅलेंडरवरून बघा, कालनिर्णयवरून नाही. २०२४ ला आपल्याकडे ७ सप्टेंबर, तिथे सुट्टी ८ ला. २०२५ ला आपली २७ ऑगस्ट, त्यांची २८. मराठी वस्ती जास्त करून पश्चिमेला, कास्कावेल वगैरे भागात, म्हणजे तुमच्या हॉटेलपासून अगदी जवळ. घरात शिरायची गरजच नाही, विसर्जनाच्या मिरवणुका रस्त्यावरच असतात. सगळ्यांना मराठी बोलता येईलच असं नाही, घरात क्रिओल (फ्रेंचवरून आलेली तिथली बोली) बोलतात, पण आरती म्हणतात ती मराठीतच. आईंना सांगा, तिथे मोका नावाच्या गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची जुनी रजिस्टरं जपून ठेवलीत. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढा आणि जायच्या आधी ईमेल टाका.