डीएनएची नक्कल कुठून, केव्हा सुरू होते? बारावीला जिवाणूचंच चित्र पुरे का?

शिकवणी घेणारी, राजारामपुरी
काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माणसातही सुरुवातीची जागा एकच असते?" दोष तिचा नाही, आपण रंगवतो त्या चित्राचा आहे. ई. कोलाय या जिवाणूच्या ४६ लाख बेसजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरजोड्यांच्या) गोल गुणसूत्रात आरंभस्थान एकच, त्याचा अक्षरक्रमही ठरलेला. डीएनए-ए प्रथिन तिथं बसून पीळ सोडवतं. माणसात अशी स्थानं हजारो, आणि ओळखायला ठरलेला अक्षरक्रम नाही.

'केव्हा'चं उत्तर तर त्याहून सुंदर आहे. जी१ टप्प्यात, म्हणजे नकलेआधीच्या तयारीच्या काळात, ओआरसी, सीडीसी६ आणि सीडीटी१ ही प्रथिनं मिळून डीएनएवर एमसीएमच्या, म्हणजे पुढं डीएनएचे धागे उलगडणाऱ्या प्रथिनांच्या, कड्या चढवतात. ही नुसती परवानगी. नक्कल सुरू होते एस टप्प्यात, सीडीके आणि डीडीके ही विकरं कामाला लागल्यावर. आणि तीच सीडीके नव्या कड्या चढू देत नाही! मी सांगते: आधी कारखान्याची ऊसतोडणीची चिठ्ठी, मग तोड, तुटलेल्या फडाला त्या हंगामात पुन्हा चिठ्ठी नाही. हे बारावीलाच शिकवावं.

निवृत्त प्राध्यापक, शाहूपुरी
मला पटत नाही, मॅडम. आरंभस्थानाची कल्पनाच जेकब आणि ब्रेनर या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये जिवाणूंवरून मांडली. पुढं यीस्टमधला ठरावीक अक्षरक्रम धरूनच १९९२ मध्ये ओआरसी सापडलं. पाया पक्का नसताना मुलं नावं पाठ करतील, दुसरं काही नाही. शिवाय उसाचा क्रम लागणीच्या तारखेवरून लागतो. पेशीत असं नोंदवही ठेवणारं कुणी नाही; शेजारच्या दोन पेशींत वेगवेगळी स्थानं सुरू होतात.

शिकवणी घेणारी
क्रमाचं मान्य, सर. पण अगदीच बेशिस्त नाही. मोकळ्या क्रोमॅटिनमधली (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएमधली) स्थानं सहसा आधी, घट्ट गुंडाळलेली उशिरा. रस्त्याकडेच्या फडाला गाडी आधी लागते, तसं.

एमएस्सीचा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ
सर, जिवाणूही इतका सोपा नाही. भरपूर अन्न मिळालं तर ई. कोलाय २० मिनिटांत दुभंगतो, नकलेला मात्र साधारण ४० मिनिटं लागतात. म्हणजे पहिली नक्कल संपायच्या आत पुढची सुरू! तरी नव्या आरंभस्थानावर सेक-ए प्रथिन काही काळ बसून राहतं, म्हणून लगेच दुसरी सुरुवात होत नाही. हे तरी कुठं शिकवतो आपण?

एक पालक, शिरोळ
मॅडम, आमच्याकडं चिठ्ठी निघूनबी फड उभा राहतो. पेशीत तसं होतं काय?

शिकवणी घेणारी
होतं की, दादा. कड्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त चढवलेल्या असतात, बहुतेक तशाच राहतात. नक्कल वाटेत अडली, तर जवळचं असं एखादं झोपलेलं स्थान जागं होतं आणि राहिलेला भाग पुरा करतं.