पहिलंच मोठं स्नोस्टॉर्म, घरी आईबाबा आणि मी एकटी, काय तयारी करू?

माणदेशी_मुलगी (शुक्रवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी, आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून मॅसॅच्युसेट्सला आलोय, वूस्टरच्या शेजारी श्रूजबरीत भाड्याचं घर आहे. आत्तापर्यंत दोनदा बर्फ पडला पण दोन-तीन इंचच, लेकीनं स्नोमॅन केला आणि दोन दिवसांत वितळून गेला. आता मात्र रविवार संध्याकाळपासून मंगळवार पहाटेपर्यंत १८ ते २४ इंच सांगतायत, वारा पण जोरात आहे म्हणे, फोनवर विंटर स्टॉर्म वॉच येऊन पडलंय आणि माझ्या पोटात गोळा आलाय. नवरा कामासाठी टेक्ससला आहे, गुरुवारशिवाय येत नाही. घरी मी, चार वर्षांची मुलगी आणि म्हसवडहून आलेले आईबाबा.

बाबा ६९ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. मंगळवारी रात्री दोघांचं बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून दोहामार्गे परतीचं विमान आहे आणि गोळ्या मोजून गुरुवारपर्यंतच्याच आहेत. त्यात बाबा म्हणतात ड्राइव्हवे मी साफ करतो, जन्मभर खोऱ्यानं माती ओढलीय, हे तर कापसासारखं आहे. आणि आई म्हणते वीज गेली तर घमेल्यात कोळसे पेटवून खोलीत ठेवू, आपल्याकडे थंडीत शेगडी असायचीच की. मला दोन्ही बरोबर वाटत नाहीये पण नक्की काय सांगू ते कळत नाही. घर गरम करायला गॅसची फर्नेस आहे. ज्यांनी असली वादळं काढलीत त्यांनी प्लीज सांगा.

---

वूस्टरचा_जुना (शुक्रवार, रात्री ९:४८)

ताई, आधी शेगडीचं. अजिबात नाही, आईंना हात जोडून सांगा. आपल्याकडची घरं कौलारू, दाराखिडक्यांना फटी, धूर कुठूनतरी बाहेर जायचा. इथलं घर डब्यासारखं बंद असतं, कोळशाचा विषारी वायू कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आतच साठतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो. बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह, जनरेटर यातलं काहीही घरात किंवा गॅरेजमध्ये लावायचं नाही, गॅरेजचं दार उघडं असलं तरी नाही.

आता त्याच्याइतकंच महत्त्वाचं आणि नव्या माणसाला कुणी सांगतच नाही ते. उद्या उजेडात घराला एक चक्कर मारा आणि भिंतीतून बाहेर आलेले पांढरे प्लास्टिकचे पाईप शोधा, ते फर्नेसचा धूर बाहेर टाकणारे व्हेंट. पुष्कळ घरांत ते जमिनीपासून फूट-दोन फुटांवरच असतात आणि वाऱ्यानं भिंतीशी बर्फ साचला की बुजतात, मग फर्नेसचा धूर घरात परत फिरतो. २००५ च्या जानेवारीत प्लिमथला अशाच बर्फानं बुजलेल्या व्हेंटमुळे सात वर्षांची मुलगी गेली, तिच्या नावानं निकोल्स लॉ झाला आणि तेव्हापासून या राज्यात गॅस-तेल जाळणारी उपकरणं असलेल्या घरांत सीओ डिटेक्टर सक्तीचे आहेत. तुमच्याकडे प्रत्येक मजल्यावर आहे का बघा, बटण दाबून वाजतोय का बघा, बॅटऱ्या आजच बदला. व्हेंटच्या जवळ एक उंच काठी रोवून ठेवा म्हणजे रात्री टॉर्च घेऊन गेलात तरी जागा सापडेल, आणि बर्फ चालू असताना दर तीन-चार तासांनी तेवढा भाग मोकळा करा. ड्राइव्हवे राहिला तरी चालेल, व्हेंट नाही.

गाडीचंही तेच. बर्फात अडकलेली गाडी सुरू करून मुलांना आत उबेला बसवायचं नाही, आधी सायलेन्सर मोकळा करायचा. बॉस्टनमध्ये २०१३ च्या वादळात एक लहान मुलगा असाच गेला, वडील बाहेर बर्फ काढत होते आणि तो गाडीत बसला होता. आज बारा वर्षं मी हे दर हिवाळ्यात प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि सांगत राहणार.

---

पार्सिपनीकर (शुक्रवार, रात्री १०:२०)

एवढं घाबरू नका हो. जानेवारी २०१५ मध्ये आम्हाला पण दोन-तीन फूट सांगितलेलं, न्यूयॉर्कची सबवे बंद केली, रस्त्यावर गाड्यांना बंदी घातली आणि सेंट्रल पार्कला पडला १० इंचाच्या आत. मी दूध, ब्रेड, अंडी भरून ठेवलेली ती पुढचा आठवडाभर संपवत बसलो. रविवारी दुपारपर्यंत वाट बघा मग ठरवा.

---

वूस्टरचा_जुना (शुक्रवार, रात्री १०:४१)

दादा तुमचा अनुभव खरा आहे पण ते वादळ चुकलं नव्हतं, फक्त पूर्वेला सरकलं होतं. त्याच वादळात आमच्या वूस्टरला ३४.५ इंच पडला, तो इथला विक्रम आहे. इथली ही मोठी वादळं म्हणजे नॉरईस्टर, त्यात कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याला धरून वर सरकतो, समुद्रावरची ओल उचलतो आणि कॅनडाकडून आलेल्या गार हवेत बर्फ म्हणून ओततो. तो किनाऱ्यापासून किती लांबून जातो त्यावर सगळं, पन्नास मैल इकडेतिकडे झालं की एका गावाला पाऊस, एकाला दोन फूट आणि एकाला काहीच नाही. इंचांचे आकडे रविवारपर्यंत बदलतीलच, पण वाट बघत बसलं तर तोवर दुकानात बर्फावर टाकायचं मीठ आणि शव्हल (बर्फ काढायचं फावडं) दोन्ही संपलेलं असतं. वॉच म्हणजे शक्यता आहे, वॉर्निंग आलं की येणार हे धरून चालायचं.

आणि इंचांपेक्षा बर्फ ओला की कोरडा ते बघा. ऑक्टोबर २०११ ला झाडांवर अजून पानं होती आणि ओला जड बर्फ पडला, फांद्या तारांवर कोसळून कित्येकांची आठवडाभर वीज नव्हती. डिसेंबर २००८ ला तर बर्फसुद्धा नव्हता, पावसाचं पाणी फांद्यांवर गोठलं आणि याच भागात काही घरं दोन आठवडे अंधारात होती. गॅसची फर्नेस असली तरी तिचा पंखा विजेवरच चालतो हे लक्षात ठेवा. वीज गेली तर सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, दाराखाली टॉवेल लावायचा. गॅसची शेगडी काडीनं पेटते, स्वयंपाकापुरती वापरा, खोली गरम करायला नाही. फ्रीज उघडू नका, बंद राहिला तर चार तास टिकतो. खूपच गारठा झाला तर शेजारी जा, किंवा २११ या मदतीच्या नंबरला फोन करून वॉर्मिंग सेंटर (उबेला बसायची सार्वजनिक जागा) विचारा.

---

रात्रपाळीची_नर्स (शनिवार, सकाळी ७:०५)

आत्ताच ड्युटीवरून आले, काकांचं वाचून राहवलं नाही. ताई, काकांच्या हातात शव्हल देऊ नका. मोठ्या बर्फानंतरच्या सकाळी आमच्याकडे छातीत दुखतंय म्हणून येणारे बरेचसे याच वयाचे, शेतात नाहीतर कारखान्यात कष्ट केलेले, मला काय होतंय म्हणणारे. थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वाढतं, त्यात हातानं जड उचलायचं आणि जोर लावताना माणूस नकळत श्वास धरून ठेवतो. वरचा बर्फ कापसासारखा असतो हे खरं, पण ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी) जो ढीग लोटून जातो तो ओल्या वाळूच्या पोत्यासारखा जड असतो. काकांना म्हणावं तुमच्या खोऱ्यावर शंका नाही, पण अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटला (रक्तवाहिनीतल्या नळीला) हे झेपणार नाही.

तुम्ही स्वतः काढणार असाल तर वादळ संपायची वाट बघू नका, चार-पाच इंच साचला की एकदा काढा. उचलण्यापेक्षा ढकला. आणि रस्त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला ढीग करा, डावीकडे केलात तर प्लाऊ तो परत तुमच्याच दारात आणून टाकेल. शेजारच्या घरात कॉलेजची मुलं असतील तर आजच बोलून ठेवा, पैसे घेतील पण काम करतील.

गोळ्यांचं आजच्या आज करा. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही, अर्जंट केअरला (अपॉइंटमेंट न घेता जाता येतं त्या दवाखान्यात) काकांना घेऊन जा, गोळ्यांची पाकिटं आणि डिस्चार्जचे कागद बरोबर न्या, तिथले डॉक्टर दहा-पंधरा दिवसांच्या लिहून देतील. स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सोमवारी काही उघडं असेल असं धरू नका.

---

लोगन_ते_मुंबई (शनिवार, सकाळी ९:३०)

विमानाबद्दल. एवढं मोठं वादळ दिसलं की एअरलाइन्स एक-दोन दिवस आधी वेव्हर जाहीर करतात, म्हणजे दंड न भरता तारीख बदलता येते. वेबसाइटवर बघत राहा आणि आला की लगेच गुरुवार-शुक्रवारचं घ्या, एकदा रद्द व्हायला लागली की फोनवर तीन-तीन तास लागतात आणि सीट उरत नाहीत. मंगळवारी रात्रीपर्यंत रनवे कदाचित सुरू होईलही, पण ज्या विमानानं आईबाबा जाणार ते त्या दिवशी दोह्याहून इथे पोचायला पाहिजे ना. मुंबईहून पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तेही लगेच हलवा. व्हीलचेअर सांगितली असेल तर नव्या तारखेला ती परत सांगावी लागते, आमच्या आईच्या वेळी ती गळाली होती आणि तिला फार त्रास झाला. इन्शुरन्सची तारीख पण वाढवून घ्या.

---

माणदेशी_मुलगी (रविवार, दुपारी २:१५)

सगळ्यांचे मनापासून आभार, काल दिवसभर धावपळ चालली होती. वॉर्निंग आलंय, आकडा आता १६ ते २२ इंच. तिकीट शुक्रवारचं झालं, व्हीलचेअर परत सांगितली. बाबांच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. व्हेंट सापडले, जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर आहेत आणि एकाच्या पुढ्यात आम्हीच रिसायकलिंगचा डबा ठेवलेला होता!! काठी रोवली. वरच्या मजल्यावरचा डिटेक्टर वाजतच नव्हता, घरमालकांना फोन केला तर ते तासाभरात नवीन लावून गेले. आईला प्लिमथच्या मुलीचं सांगितल्यावर तिनं शेगडीचा विषय काढला नाही, पण पुरणपोळ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं तीन दिवसांचं करून ठेवलंय.

बाबा नर्सताईंचं वाचून गप्प झाले. मग मी त्यांना दुसरं काम दिलं. आमच्या माणमध्ये पाऊस एवढा कमी की ते तीस वर्षं प्रत्येक पावसाचा आकडा वहीत लिहितायत. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं डेकवर एक फळकूट ठेवलंय, शेजारी फूटपट्टी बांधलीय, दर तासाला ते आतूनच वाचून लिहिणार. मी सांगितलं दहा इंच बर्फाचं साधारण एक इंच पाणी होतं, तर त्यांनी लगेच हिशोब केला, वीस इंच म्हणजे दोन इंच पाणी, पन्नास मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडचा एक चांगला पाऊस.

आत्ता आभाळ पांढरं झालंय, पडायला लागलं नाहीये अजून. एक विचारायचं राहिलं, रात्री व्हेंट बघायला बाहेर जाताना मुलगी झोपलेली असेल, मागचं दार वाऱ्यानं लागलं तर बाहेरून उघडत नाही, किल्ली खिशात ठेवू की काही वेगळं करता?

---

वूस्टरचा_जुना (रविवार, दुपारी २:३२)

किल्ली खिशात आणि फोनपण. पुढच्या दारानं जा, मागच्या दाराशी बर्फ साचून ते उघडणारच नाही. काकांना सांगा तुम्ही आत येईपर्यंत खिडकीत उभं राहायचं. मी जागा असेन, रात्री दोन वाजता तुमचा आकडा इथे टाका, मी माझा टाकतो.